जुने नकाशे आणि मरुभूमीतील खाण-नगर : गोल्डफील्डचे उदाहरण

एखादे नगर ओसाड पडते तेव्हा तेथील माणसे, त्यांच्या आठवणी आणि त्यांची कागदपत्रे चोहोंकडे विखुरली जातात. नकाशे मात्र बहुधा मागे राहतात. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. नगराचे नकाशे बहुतांशी नगरवासीयांनी स्वतःसाठी तयार केलेले नसतात. ते सरकारी भूमापन कचेरीने, विमा व्यवसायाने, रेल्वे कंपनीने किंवा भूशास्त्रीय सर्वेक्षणाने आपापल्या कामासाठी काढवून घेतलेले असतात आणि नगरापासून शेकडो मैलांवरील दप्तरांत सुरक्षित असतात. आग, पूर व स्थलांतर यांची झळ त्यांना लागत नाही. म्हणूनच अल्पायुषी नगरांच्या इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास नकाशा हे अनेकदा सर्वांत विश्वसनीय साधन वाटते. या विश्वासाला आधार आहे, तशाच मर्यादाही आहेत. नकाशा खोटे सांगतो असे नव्हे; परंतु ज्या प्रश्नासाठी तो काढला गेला त्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो. ही गोष्ट स्पष्ट करण्यासाठी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातील गोल्डफील्ड या सुवर्णनगराचे उदाहरण येथे घेतले आहे.

१. नगराचा उदय व अस्त

गोल्डफील्ड हे नेव्हाडाच्या दक्षिण भागातील एस्मेराल्डा परगण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,७०० फूट उंचीवर वसलेले आहे. भोवताली रुक्ष डोंगर, खुरटी झुडपे व बाराही महिने कोरडी असणारी वाळूची पात्रे आहेत. उत्तरेस सुमारे २७ मैलांवर असलेल्या टोनोपाह येथे १९०० मध्ये चांदीचा शोध लागला आणि तेथून नवनव्या खनिजांच्या शोधात माणसे आसपासच्या वाळवंटात शिरली. १९०२ च्या डिसेंबरात हॅरी स्टिम्लर व विल्यम मार्श यांनी येथे पहिले हक्क नोंदविले. पुढील वर्षी वस्तीस गोल्डफील्ड हे नाव मिळाले. १९०५ मध्ये टोनोपाहकडून रेल्वे आली. १९०६ मध्ये मोहॉक खाणीतून असाधारण प्रतीचे सोने निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज विंगफील्ड व जॉर्ज निक्सन यांनी प्रमुख खाणी एकत्र करून गोल्डफील्ड कन्सॉलिडेटेड माइन्स कंपनी स्थापन केली. १९०७ मध्ये परगण्याचे मुख्य ठाणे हॉथॉर्नहून येथे हलविण्यात आले.

उत्कर्षाचा हा काळ दहा वर्षेही टिकला नाही. १९१० च्या सुमारास उत्पादन शिखरास पोहोचले व त्यानंतर उतरू लागले. १९१३ च्या सप्टेंबरात अकस्मात आलेल्या पुराने नगराची मोठी हानी केली. १९१९ मध्ये कंपनीची खनिज कुटण्याची मोठी गिरणी बंद झाली आणि ६ जुलै १९२३ च्या आगीत पन्नासाहून अधिक चौक भस्मसात झाले. १९१० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ४,८३८ होती. २०१० च्या जनगणनेत ती २६८ भरली. न्यायालयाची दगडी इमारत, १९०८ मध्ये उघडलेले चार मजली हॉटेल, शाळा व अग्निशामक ठाणे अशा मोजक्या वास्तू उभ्या आहेत. उरलेले नगर कागदावर शोधावे लागते.

२. हक्काचा नकाशा

पहिला नकाशा हक्काचा. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यानुसार खनिजशिरेवरील एका हक्कपट्ट्याची कमाल लांबी शिरेच्या दिशेने १,५०० फूट व रुंदी शिरेच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी ३०० फूट ठरविण्यात आली. हे क्षेत्र सुमारे २०.६६ एकर होते. प्रथम केवळ खुणा रोवून व नोटीस लावून हक्क सांगता येई आणि तो राखण्यासाठी दरवर्षी शंभर डॉलर किमतीचे काम करावे लागे. जमिनीची कायम मालकी हवी असल्यास किमान पाचशे डॉलरचे काम झाल्याचे दाखवून, सरकारमान्य खनिज-मोजणीदाराकडून मोजणी करवून घेऊन, एकरी पाच डॉलरप्रमाणे किंमत भरावी लागे. या मोजणीचे नकाशे केंद्रीय भूमी कचेरीच्या दप्तरात जमा होत. १९४६ पासून ते तिच्या उत्तराधिकारी खात्याकडे आहेत.

इतिहासाच्या अभ्यासकास हा नकाशा अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. पट्ट्याचे कोपरे, बाजूंची दिशा व लांबी, सरकारी भूमापनाच्या कोपऱ्याशी अथवा खास उभारलेल्या खनिज-स्तंभाशी असलेला संबंध, हक्कदाराचे नाव आणि पट्ट्यावर खोदलेले शाफ्ट, चर व बोगदे या सर्वांची नोंद त्यात असते. पाचशे डॉलरची अट असल्याने खोदकामाचे मूल्यही सोबतच्या मोजणी-टिपणात नमूद केलेले असते. अर्थात, नगराच्या पहिल्या वर्षांत कोणत्या जागी किती श्रम ओतले गेले याचा हा जवळजवळ हिशोबच होय.

या नकाशांतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांच्या सीमा. घाईने रोवलेल्या खुणांमुळे दोन-दोन, तीन-तीन पट्टे एकाच भूमीवर हक्क सांगत. मोजणीदार अशा वादग्रस्त तुकड्यांचे क्षेत्र स्वतंत्र मोजून दाखवी. शिवाय, ज्याच्या पट्ट्यात शिरेचा माथा असेल त्याला ती शीर भूमीखाली शेजाऱ्याच्या हद्दीत उतरली तरी तिच्या मागे जाण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. कायद्याने गृहीत धरलेली शीर ही सरळ, सलग व भिंतीसारखी असे. गोल्डफील्डची शिला मात्र या गृहीताप्रमाणे वागणारी नव्हती, हे पुढे दिसून येईल. १९०६ च्या विलीनीकरणाकडे केवळ भांडवलदारांची महत्त्वाकांक्षा म्हणून पाहिले जाते. परंतु हक्कपट्ट्यांचा हा विणलेला गोंधळ डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे त्यामागील दुसरे कारणही ध्यानात येते. लगतचे पट्टे एका स्वामित्वाखाली आले की त्यांच्यामधील सीमेचे वाद आपोआप मिटतात.

३. भूशास्त्रज्ञाचा नकाशा

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातर्फे फ्रेडरिक लेस्ली रॅन्सम यांनी या क्षेत्राचा अभ्यास केला व त्यांचा विस्तृत ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या नकाशांत भूपृष्ठाची उंची, शिलांचे प्रकार आणि खाणींची स्थाने दाखविलेली आहेत. येथील सोने प्रामुख्याने सिलिकायुक्त होऊन कठीण बनलेल्या ज्वालामुखी शिलांच्या पट्ट्यांत सापडते. सभोवारचा मऊ झालेला खडक झिजून गेल्यामुळे हे पट्टे जमिनीवर फासळ्यांसारखे उभे दिसतात. त्यांची रूपरेखा अनियमित आहे. ते फुगतात, आक्रसतात, फाटे फोडतात आणि सोने त्यांच्या काही भागांतच आढळते. सोन्याबरोबर ॲल्युनाइट या खनिजाचे साहचर्य आहे, हा रॅन्सम यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

हक्काचा नकाशा व भूशास्त्राचा नकाशा एकमेकांवर ठेवले असता कायदा आणि निसर्ग यांच्यातील विसंगती उघड होते. एका नकाशात सरळ रेषांचे आयत आहेत, दुसऱ्यात वेडीवाकडी फासळी. काही आयतांत तिचा भला मोठा भाग सापडतो, तर त्याच मापाच्या शेजारच्या आयतात काहीच नसते. समान क्षेत्रफळ, समान शुल्क व समान श्रम असूनही फळ मात्र विषम, ही खाण-नगराच्या सामाजिक जीवनाची पायाभूत वस्तुस्थिती या दोन कागदांच्या तुलनेतून जितकी स्पष्ट होते तितकी वर्णनात्मक लेखनातून होत नाही.

उंची दाखविणाऱ्या समोच्चरेषांचा आणखी एक उपयोग आहे. नगराच्या भूखंडांचा आराखडा पाहिला तर काटकोनात छेदणारे रस्ते व सारख्या मापाचे चौक दिसतात. जमिनीचा उतार त्यात कोठेच नाही. भूखंड विकणाऱ्यास उताराशी कर्तव्य नव्हते. समोच्चरेषांचा नकाशा शेजारी ठेवला म्हणजे डोंगराकडून येणारी कोरडी पात्रे वस्तीच्या कोणत्या भागाकडे वळतात हे कळते आणि १९१३ चा पूर हा निव्वळ दैवी कोप उरत नाही. वर्षानुवर्षे पाणी न वाहिलेले पात्र हे पात्रच असते, याचा विसर पडल्याचा तो परिणाम होता.

४. विम्याचा नकाशा

नगराच्या दैनंदिन रूपाविषयी सर्वाधिक तपशील पुरविणारे नकाशे मात्र निराळेच आहेत. डॅनियल आल्फ्रेड सॅनबॉर्न यांनी १८६७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने अमेरिकेतील सुमारे बारा हजार गावांचे व शहरांचे नकाशे आगीच्या विम्यासाठी तयार केले. गोल्डफील्डचाही त्यांत समावेश आहे. विमा उतरविणाऱ्या अधिकाऱ्याने दूरच्या शहरात बसून एखाद्या इमारतीस आगीचा धोका किती हे ठरवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांचे नेहमीचे प्रमाण एका इंचास पन्नास फूट, म्हणजे १:६०० असे आहे. या प्रमाणात कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे भूमीवरील साठ सेंटिमीटर होतात. साहजिकच प्रत्येक घराची आकृती, ओसरी, मजले, छपराचे साहित्य, पाण्याच्या नळांची व्यवस्था इत्यादी सर्व त्यात येते. रंगांची भाषा ठरलेली आहे : विटांसाठी गुलाबी, लाकडासाठी पिवळा, दगडासाठी निळा, लोखंडी पत्र्यासाठी राखी. इमारतीचा वापर आद्याक्षरांनी दाखवितात. निवासस्थान, दुकान, मद्यगृह, खाणावळ यांच्या खुणा असतात. वेश्यागृहांस तर ‘स्त्रियांचे वसतिगृह’ अशा अर्थाचे सभ्य संक्षेपाक्षर योजलेले आढळते.

हे नकाशे वाचताना तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली कालाविषयीची. कंपनी ग्राहकांकडील जुन्या नकाशांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवून ते अद्ययावत करीत असे. त्यामुळे एकाच पानावर निरनिराळ्या वर्षांची घरे शेजारी शेजारी नांदत असू शकतात आणि पानावर छापलेले वर्ष प्रत्येक घरास लागू पडतेच असे नाही. दुसरी सावधगिरी व्याप्तीविषयीची. जेथे विम्यायोग्य मालमत्ता दाटीने उभी आहे तो व्यापारी भाग बारकाईने मोजला जाई. कडेची विरळ वस्ती, तंबू व झोपड्या यांच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होते. जो विमा घेऊ शकत नव्हता तो नकाशात येण्याचे कारण नव्हते. तिसरी सावधगिरी अर्थनिर्णयाविषयीची. ‘दुकान’ अशी नोंद ते दुकान चालू होते की बंद पडले होते, एवढेही नेहमी सांगत नाही.

असे असूनही या नकाशांमुळे एक दृढ गैरसमज दूर होऊ शकतो. आज गोल्डफील्डला जाणाऱ्यास दगडविटांच्या भारदस्त इमारती तेवढ्या दिसतात आणि संपूर्ण नगर असेच वैभवशाली असावे असे वाटते. वस्तुतः आग ही निवड करणारी शक्ती आहे. १९२३ च्या आगीने मुख्यत्वे लाकडी वस्ती नेली व वीट-दगड मागे ठेवले. नकाशातील पिवळा रंग आणि भूमीवरील रिकामी जागा यांची सांगड घातली म्हणजे जे उरले ते नगराचे प्रातिनिधिक रूप नसून अपवादात्मक रूप आहे, हे सिद्ध होते. भग्नावशेषांवरून गतकाळाचे चित्र रंगविणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

५. नकाशांचे एकत्रीकरण

निरनिराळ्या प्रमाणांचे व हेतूंचे हे नकाशे आता संगणकाच्या साहाय्याने एका चौकटीत बसविता येतात. सॅनबॉर्न नकाशांचा मोठा संग्रह अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आणि जुने स्थलदर्शक नकाशे तेथील भूशास्त्रीय सर्वेक्षणाने सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यामुळे हे काम भारतातील विद्यापीठातही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी जुन्या नकाशावर व आजच्या उपग्रहचित्रावर निःसंशय एकच असलेले बिंदू निवडावे लागतात. गोल्डफील्डच्या बाबतीत न्यायालयाच्या इमारतीचे कोपरे, कोलंबिया रस्ता व क्रुक रस्ता यांच्या संगमावरील हॉटेल, शाळा आणि सरकारी भूमापनाचे कोपरे हे असे बिंदू होत. उखडलेल्या रेल्वेमार्गांचे भरावही उपयोगी पडतात. येथे येणाऱ्या तीन रेल्वेंपैकी लास व्हेगास व टोनोपाह रेल्वे १९१८ मध्ये, बुलफ्रॉग गोल्डफील्ड रेल्वे १९२८ मध्ये व टोनोपाह आणि गोल्डफील्ड रेल्वे १९४७ मध्ये बंद झाली. परंतु वाळवंटात मातीचा भराव दीर्घकाळ टिकतो.

या प्रक्रियेत चुकांचे मूळ कोठे असते हे जाणून घेतले पाहिजे. कागद आकसतो व घडीवर ताणला जातो. शोधकांनी होकायंत्राने घेतलेल्या दिशा चुंबकीय उत्तरेस अनुसरून असतात व चुंबकीय विचलन शंभर वर्षांत कित्येक अंशांनी बदलते. १९२७ पूर्वीच्या नकाशांचा भूमापनाचा मूळ आधारही आजच्याहून वेगळा असल्यामुळे अक्षांश-रेखांश तसेच उचलले तर स्थाने बरीच सरकतात. संगणक कोणताही कागद ताणून कोणत्याही जागी बसवू शकतो. म्हणूनच काही ज्ञात बिंदू जुळणीसाठी न वापरता केवळ पडताळणीसाठी राखून ठेवावेत व त्यांच्या ठिकाणी किती फूट चूक येते ते निष्कर्षासोबत नमूद करावे. ज्या नकाशात पन्नास फुटांची चूक आहे त्याच्या आधारे वीस फुटी भूखंडावरील घराविषयी विधान करणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही.

या अचूकतेचे महत्त्व केवळ विद्वत्तेपुरते नाही. सोडून दिलेले शाफ्ट आजही उघडे राहण्याचा धोका असतो. माणसे व जनावरे त्यांत पडतात. नेव्हाडा राज्यात १९८७ पासून अशा जागा शोधून सुरक्षित करण्याचा उपक्रम चालू आहे. झुडपांनी झाकलेले विवर भूमीवर दिसण्यापूर्वी शतकापूर्वीच्या मोजणी-नकाशावर दिसू शकते.

६. नकाशात नसलेली माणसे

नकाशांच्या कसोटीवर घासून पाहावा असा एक प्रश्न लोकसंख्येचा आहे. गोल्डफील्डची लोकसंख्या १९०७-०८ च्या सुमारास वीस हजारांवर गेली होती, असे अनेक लेखनांत आढळते. १९१० च्या जनगणनेचा आकडा याच्या चतुर्थांशाहूनही कमी आहे. दोहोंपैकी एक खोटा असलाच पाहिजे असे नाही. दरम्यान १९०७ चे आर्थिक संकट व मोठा संप घडून गेला होता आणि खाण-नगरातील माणूस ऋतूप्रमाणे स्थलांतर करतो. विम्याच्या नकाशावरील निवासस्थाने व वसतिगृहे मोजून लोकसंख्येची खालची मर्यादा काढता येते. वरची मर्यादा मात्र काढता येत नाही, कारण तंबूंत राहणारे मजूर त्या नकाशाच्या कक्षेबाहेर राहतात. नकाशाचे मौन म्हणजे वस्तीचा अभाव, असे समजणे ही येथील सर्वांत मोठी चूक होय.

हे मौन अन्यत्रही ऐकू येते. १९०७ च्या वर्षात मजूर संघटना व खाणमालक यांच्यात तीव्र संघर्ष झाला. त्यातील एक कारण वरवर क्षुल्लक वाटणारे होते. मजूर उच्च प्रतीचे खनिज कपड्यांत दडवून नेतात अशी तक्रार असल्याने पाळी संपल्यावर त्यांनी विशिष्ट खोलीत कपडे बदलावेत, असा नियम मालकांनी आणला. त्या वर्षाच्या अखेरीस मजुरी रोख न देता कागदी हुंड्यांनी देण्यात येऊ लागली तेव्हा संप झाला. राज्यपालांच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सैन्य पाठविले आणि ते १९०८ च्या मार्चपर्यंत तेथे राहिले. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळास सैन्य बोलावण्याइतकी अराजकता आढळली नाही. खाणीच्या आवाराच्या नकाशावर कपडे बदलण्याची खोली हा एक लहानसा चौकोन असतो. ज्याने संघर्षाची कागदपत्रे वाचलेली नाहीत त्याला तो चौकोन काहीच सांगणार नाही. ज्याने ती वाचली आहेत त्याला त्या चौकोनाचे खाणीच्या तोंडापासूनचे अंतरही अर्थपूर्ण वाटेल.

तसेच या भूमीतील मूळ रहिवाशांचे. हा प्रदेश शोशोनी लोकांच्या वावरातील होता आणि येथील सुवर्णयुक्त दगड टोनोपाहला प्रथम आणणारा टॉम फिशरमन हा शोशोनी होता, असे वृत्तान्त सांगतात. हक्काच्या नकाशावर मात्र नोंद करणाऱ्याचे नाव येते. वाट दाखविणाऱ्याचे येत नाही. शेजारच्या टोनोपाह येथे १९०३ मध्ये जमावाने चिनी रहिवाशांवर हल्ला करून त्यांस हाकलून लावले होते. पश्चिमेकडील अनेक नगरांच्या विमा-नकाशांवर चिनी वस्तीचा उल्लेख स्पष्ट असतो. तो जेथे नाही तेथे ती माणसे आलीच नव्हती की त्यांना येऊ दिले गेले नव्हते, हा प्रश्न नकाशाबाहेरील साधनांकडे घेऊन जाणे भाग आहे.

७. उपसंहार

गोल्डफील्डच्या भूमीचे चार नकाशे म्हणजे एकाच वस्तूची चार चित्रे नव्हेत. हक्काच्या नकाशात मालकी आहे, भूशास्त्राच्या नकाशात शिला आहे, भूखंडांच्या आराखड्यात आशा आहे आणि विम्याच्या नकाशात भय आहे. यांपैकी कोणताही एक प्रमाण मानून लिहिलेला इतिहास एकांगी होईल. महसुली मोजणीच्या गावनकाशांवर काम करणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांस हे नवे वाटू नये. शेतसारा आकारण्यासाठी काढलेल्या नकाशात शेताची हद्द काटेकोर असते, परंतु ते शेत कोण कसत होते हे तो सांगत नाही.

तेव्हा नकाशे जुळविताना ते कोठे जुळतात यापेक्षा कोठे जुळत नाहीत याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. आयत आणि फासळी, चौकटीचा रस्ता आणि कोरडे पात्र, पिवळा रंग आणि रिकामा भूखंड, वीस हजारांचा लौकिक आणि ४,८३८ ची गणना, या विसंगतींतच त्या नगरातील माणसांनी घेतलेले निर्णय व भोगलेले परिणाम दडलेले आहेत. संगणकावर एकावर एक ठेवलेले कागद जेथे तंतोतंत जुळतात तेथे मोजणीदाराचे काम यशस्वी झाले असे समजावे. जेथे ते जुळत नाहीत, तेथे इतिहासकाराचे काम सुरू होते.